वडिलांच्या नावची शेती: वाटणी, बक्षीसपत्र की मृत्युपत्र? आणि आई-वडिलांच्या हाती काय ठेवायचं?

वेदगंगाकाठ (प्रश्न)

गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात. वडील 68 वर्षांचे, आई 63. दोन मुलगे, एक मुलगी. थोरला शेती बघतो, धाकटा पुण्यात नोकरीला, मुलीचं लग्न होऊन ती चिकोडीकडे दिलेली. वडिलांच्या गुडघ्यांमुळे आता पाणी पाजायला जाणं होत नाही. शेती रीतसर पुढच्या पिढीकडे द्यावी असं घरात सगळ्यांच्याच मनात आहे. भांडण नाही, पण कागद कुठून सुरू करायचे ते कळत नाही.

जमीन अशी आहे:

पहिला तुकडा 3 एकर 30 गुंठे. 1988 साली वडील आणि चुलते यांचं नोंदणीकृत वाटणीपत्र झालं, त्यात वडिलांच्या वाट्याला आला. उताऱ्यावर मात्र आजही चुलत्यांचं आणि वडिलांचं नाव एकाच सर्व्हे नंबरात सामाईक.

दुसरा 2 एकर 30 गुंठे. 1996 ला वडिलांनी खरेदी केलेला. विहीर यातच, 7.5 एचपीची मोटर, आरआर नंबर (वीज जोडणीचा क्रमांक) वडिलांच्या नावे.

तिसरा 28 गुंठे, पण महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात. सातबारा अजून आजोबांच्या नावावर.

बहुतेक ऊस, थोडं सोयाबीन. पीकेपीएसचं (गावच्या शेती पतसोसायटीचं) पीककर्ज वडिलांच्या नावे. गावात कोणी म्हणतं बक्षीसपत्र करून मोकळे व्हा, कोणी म्हणतं मृत्युपत्र पुरे. जाणकारांनी क्रम सांगावा. आई-वडिलांची पुढची सोय कशी लावायची तेही सांगा.

---

पहाणी_फेरफार

तिन्ही तुकड्यांची जात वेगळी आहे, त्यामुळे एकच कागद तिघांना चालणार नाही. बहुतेक घरं इथेच अडकतात.

3 एकर 30 गुंठे वाटणीत आलेले, म्हणजे मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जित. यात वडिलांच्या जोडीने दोन्ही मुलगे आणि मुलगी जन्माने हिस्सेदार आहेत. मुलगी विवाहित असली तरी हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून तिचा वाटा मुलाइतकाच, आणि वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय आपला भाग जुन्या मुंबई इलाख्यातला. इथे बाप-लेकांत वाटणी झाली की आईलाही मुलाइतका वाटा मिळतो, आणि वाटणीपत्र लिहिताना हे सर्रास विसरलं जातं. हिशेब करा: 150 गुंठे भागिले पाच, प्रत्येकी 30 गुंठे. हा सगळा तुकडा वडील एकट्याने कुणाला बक्षीस देऊ शकत नाहीत. दिला तर तो दस्त पुढे कोर्टात टिकत नाही.

आत्यांनी 1988 च्या वाटणीवर आता हरकत घेतली तर? ती वाटणी नोंदणीकृत आहे आणि त्या दुरुस्तीने ठरवलेल्या 20 डिसेंबर 2004 च्या आधीची आहे, म्हणून 2005 च्या दुरुस्तीच्या आधारे ती उघडता येत नाही. हीच वाटणी नुसत्या वर्दीवर (महसूल कचेरीला कळवून), पांढऱ्या कागदावर झालेली असती तर चित्र वेगळं असतं. तो मूळ दस्त जपा. नसेल तर उपनोंदणी कचेरीतून प्रमाणित नक्कल काढून ठेवा.

2 एकर 30 गुंठे खरेदीचे, म्हणजे स्वकष्टार्जित. इथे वडिलांना मोकळीक आहे: बक्षीसपत्र करा, मृत्युपत्र करा किंवा काहीच करू नका. एक फट मात्र आहे. खरेदीचा पैसा वडिलोपार्जित जमिनीच्या उसातून आला असं पुढे कुणी म्हणालं, तर ही जमीनही एकत्र कुटुंबाची ठरवायचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून जो वाटणीपत्राचा दस्त कराल त्यातच सगळ्यांच्या सहीने लिहून घ्या की हा सर्व्हे नंबर वडिलांचा स्वतंत्र आहे आणि तो वाटणीत धरलेला नाही.

आता क्रम.

आधी मोजणी आणि पोडी (सर्व्हे नंबरातला आपला हिस्सा वेगळा करणं). सामाईक उतारा असताना पुढचं काहीच सरळ होत नाही. 1988 चा दस्त दाखवून चुलत्यांच्या संमतीने आपला हिस्सा वेगळा करून घ्या. त्यानंतर जो भाग वाटायचा त्याचा 11-ई नकाशा (दस्तापूर्वीचा मोजणी नकाशा). सर्व्हे नंबरच्या तुकड्याचा दस्त करायचा असेल तर हा नकाशा लागतोच. अर्ज नाडकचेरीत (गावांच्या गटासाठीच्या महसूल कार्यालयात) द्यायचा, मग सरकारी किंवा परवानाधारक भूमापक येतो. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते. ते हजर राहिले आणि बांध मान्य करून सह्या केल्या तर काम वेळेत होतं, नाहीतर तारखा पडत राहतात.

मग उताऱ्याचे (आरटीसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्याचे) रकाने वाचा. तिसऱ्या रकान्यात एकूण क्षेत्र आणि खराबा (लागवडीला न येणारा भाग) असतो. वाटायला खराबा वजा जाता उरलेलंच क्षेत्र मिळतं, आणि 30-30 गुंठे कागदावर धरून बसलात तर नकाशात ते बसत नाहीत. नवव्यात मालक, दहाव्यात जमीन कशी आली ते एमआर (फेरफार) नंबरासह, अकराव्यात इतर हक्क आणि कर्ज. जुनं पाटीलकीचं वतन, इनाम किंवा सरकारने दिलेली जमीन असेल तर त्याची अटही अकराव्यातच दिसते. तशी अट असेल तर परवानगीशिवाय दस्त करू नका.

पीकेपीएसचा बोजाही तिथेच असतो. कर्ज भरून बोजा उतरवून मग दस्त केलेला चांगला. कर्ज ठेवूनच वाटणी करायची असेल तर संस्थेचं लेखी ना-हरकत घ्या, आणि कर्ज कुणी किती फेडायचं ते वाटणीपत्रात आकड्याने लिहा.

दस्त निपाणीच्या उपनोंदणी कचेरीत. शेतजमिनीच्या वाटणीला हिश्शागणिक ठोक मुद्रांक लागतो, घरातल्या माणसाला बक्षीस दिलं तरी ठोकच. बाजारभावावर टक्केवारी नाही. 2024 च्या सुरुवातीला हे दर वाढलेत, त्यामुळे गावातले जुने आकडे धरू नका. नोंदणी झाली की जे-स्लिप (दस्ताची सूचना) आपोआप भूमीत (उताऱ्यांच्या सरकारी संगणक प्रणालीत) जाते आणि फेरफार सुरू होतो. हरकतीची मुदत संपली की आरआयच्या (महसूल निरीक्षकाच्या) मंजुरीनंतर नवीन उतारा निघतो. तो काढून बघा. फेरफार अडकल्याचं कुणी घरी येऊन सांगत नाही.

नावातला फरक हे आपल्या मराठी घरांचं खास दुखणं. ज्ञानेश्वर हे नाव आधारवर 'डी'ने सुरू होतं, भूमीतल्या कन्नडचं इंग्रजी केलं की 'जे'ने. आडनाव कधी पुढे, कधी मागे, कधी गायबच. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा, दस्तातही 'ऊर्फ' लावून दोन्ही रूपं लिहा. दस्त कन्नडमध्ये होणार. सही करण्याआधी चतुःसीमा आणि गुंठे मराठीत मोठ्याने वाचून घ्या, विशेषतः ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांच्यासमोर.

---

चिकोडीची_लेक

वरचं सगळं बरोबर आहे. बहिणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अशा चर्चांत "ती सही देईल" एवढ्यावर विषय संपवला जातो.

तिला 30 गुंठे हवेत, पैसे हवेत की काहीच नको, हे तिला तिच्या घरी जाऊन विचारा. कचेरीच्या दारात नव्हे. ती स्वखुशीने सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेला कागद जमिनीच्या हक्काला उपयोगाचा नाही. ती घेत असेल तर रस्ता आणि पाणी असलेला भाग द्या. दुर्लक्षित कोपरा काढून दिला की दहा वर्षांनी तोच कोपरा विकला जातो आणि मध्ये परका माणूस येतो. पैसे द्यायचे ठरलं तर रक्कम बँकेतून द्या आणि दस्तात तिचा उल्लेख करा.

तिला न विचारता फेरफार उरकला, तर ती एसींकडे (असिस्टंट कमिशनर, म्हणजे प्रांताधिकारी) अपील करू शकते. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 136 खाली तशी सोय आहे. तिथे काहीही निकाल लागला तरी दिवाणी दावा वेगळा राहतोच. दावा लागला की त्या जमिनीवर नवीन कर्ज मिळणं मुश्कील होतं, आणि त्याचा पहिला फटका शेती करणाऱ्या भावालाच बसतो.

आता बक्षीसपत्र. खरेदीची जमीन थोरल्याला बक्षीस देणार असाल तर दस्तात ही वाक्यं हवीतच: मुलगा आई-वडिलांच्या अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाण्याची सोय करील या अटीवर हे बक्षीस आहे, आणि दोघांपैकी शेवटचं माणूस हयात असेपर्यंत या जमिनीचा उपभोग त्यांच्याकडे राहील. पहिल्या अटीला कायद्याचा आधार आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 खाली, सांभाळायची अट घालून दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळवता येते. अर्ज उपविभागाच्या एसींपुढच्या न्यायाधिकरणात करायचा, निपाणीकरांना चिकोडीला. पण अट दस्तात लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करताना दमछाक होते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अट दिसली पाहिजे असं म्हटलं, आणि जानेवारी 2025 मध्ये हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा असंही म्हटलं. दोन्ही लक्षात घेता चार ओळी जास्त लिहिलेल्या केव्हाही बऱ्या. "प्रेमापोटी व आपुलकीपोटी देत आहे" एवढंच छापील वाक्य टाकून दस्त करू नका.

माझं मत विचाराल तर सगळी खरेदीची जमीन हयातीत देऊच नये. बक्षीसपत्र एकदा झालं की वडिलांना मन बदलायची सोय उरत नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं.

---

पहाणी_फेरफार

मृत्युपत्राबद्दल जोडतो. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी नोंदवाच. दोन साक्षीदार हवेत, ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत, आणि वडिलांपेक्षा वयाने बरेच लहान हवेत. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, आणि तोपर्यंत साक्षीदारच हयात नसतात असं फार वेळा होतं. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. बेळगाव भागात प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) सक्तीचं नाही. मृत्यूनंतर मृत्युदाखला आणि मृत्युपत्र देऊन नाडकचेरीत नोंद मागायची. मृत्युपत्र नसेल तर वंशावळ लागते आणि पौती खात्याला (वारस नोंदीला) सगळ्या वारसांची नावं सामाईक लागतात.

हे हिंदू वारसा कायद्याचं झालं. आपल्याकडच्या जैन आणि लिंगायत घरांनाही तोच लागू. मुस्लिम आणि ख्रिश्चन घरांना वेगळे नियम आहेत. मुस्लिम घरात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या वर मृत्युपत्राने देता येत नाही.

---

बांधावरून

कागद नीट आणि शेत बिघडलेलं, असं होऊ नये म्हणून थोडं रानातलं लिहितो.

मोजणीची वेळ साधा. उभ्या उसात साखळी फिरत नाही आणि भूमापक बाहेरून अंदाजाने खुणा टाकतो. तोड संपल्यावर, खोडवा गुडघ्याच्या वर येण्याआधी, म्हणजे मार्च ते मेमध्ये मोजणी करून घ्या. खानापूर बाजूच्या भातशेतीत सुगी उरकल्यावर जानेवारीपासून. खुणेचे दगड हातभर खोल पुरा आणि त्याच दिवशी चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. ट्रॅक्टरच्या नांगराला वरवरचा दगड एका हंगामात निघतो.

विहीर 2 एकर 30 गुंठ्यांत आहे. ती जमीन उद्या एकाकडे गेली की बाकीच्यांचे 30-30 गुंठे कोरडवाहू झाले. वाटणीपत्रात पाण्यासाठी वेगळा परिच्छेद हवा: विहिरीत कुणाचा किती वाटा, आठवड्याचे कुठले वार कुणाचे, दिवसा किती तास आणि रात्री किती, पाईपलाईन कुणाच्या रानातून जाणार, फुटली तर खोदायला जाऊ द्यायचं की नाही, मोटर जळाली तर खर्च कसा विभागायचा. "पाणी पूर्वीप्रमाणे घ्यावे" असं एक वाक्य लिहिलेले दस्त मी भरपूर वाचलेत. पूर्वी कसं घेत होते याची साक्ष द्यायला कुणी उरत नाही.

रस्ताही तसाच. उसाचा भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह वळला पाहिजे. 12 फूट वहिवाट सोडा, वळणावर जास्त, आणि ती 11-ई नकाशात दाखवायला लावा. नुसती दस्तात लिहून भागत नाही.

आरआर नंबर वडील असेपर्यंत त्यांच्या नावे राहू दे. 10 एचपीपर्यंतच्या पंपाची वीज मोफत आहे, पण नंबर मयताच्या नावावर पडून राहिला की ट्रान्सफॉर्मर किंवा जोडणीच्या तक्रारीत हेस्कॉमकडे (वीज कंपनीकडे) अडचण येते. जमिनीचा फेरफार झाल्यावर नवीन उतारा देऊन नाव बदला.

फेरफारानंतर रयत संपर्क केंद्रात जाऊन एफआयडीला (शेतकरी ओळख क्रमांकाला) नवीन सर्व्हे हिस्सा जोडा. हे राहिलं की बियाण्याची सवलत, पीककर्ज, अतिवृष्टीची भरपाई सगळं थांबतं. गावातलं घर आणि गोठा आरटीसीत येत नाहीत, ते ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तुत (मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीत), नमुना 9 आणि 11 वर. त्यांची वाटणी त्याच दस्तात घेतली नाही तर दुसऱ्यांदा खर्च होतो.

---

सोसायटी_सचिव_निवृत्त

आई-वडिलांच्या पैशाचं लिहितो, कारण सगळ्या चर्चेत हा भाग शेवटी दोन ओळींत उरकतात आणि खरा त्रास त्यातच असतो.

वाटणीत वडिलांचे 30 आणि आईचे 30, असा दीड एकर एकत्र आणि रस्त्याकडेचा घ्या. तो त्यांच्याच नावे राहू दे. कसायचा मुलाने, पण ऊस नोंद कारखान्याच्या गट कार्यालयात वडिलांच्या नावे आणि बिल वडिलांच्या खात्यात. नोंद मुलाच्या नावे गेली की बिलही त्याच्या खात्यात जातं, आणि औषधाला पैसे मागायची वेळ येते. मुलगा चांगला असला तरी ही वेळ आणू नये.

हिशेब कमी धरून करा. एकरी 35 टन, टनाला 3,000 रुपये धरले तर दीड एकराचे 1,57,500. खोडव्याचा खर्च आणि मुलाच्या कष्टाचा निम्मा वाटा काढला तर वर्षाला 60-65 हजार हाती राहावेत, महिन्याला पाच हजारांच्या आसपास. पण हे पैसे वर्षातून एकदा येतात. तोडणीनंतर 14 दिवसांत बिल द्यायचा नियम आहे, तरी त्यावर महिन्याचा किराणा बांधू नका. बिल आलं की बारा हप्ते करून आवर्ती पद्धतीने महिन्याला खात्यात येतील असं बँकेत ठरवून घ्या.

घरात रोख शिल्लक असेल, किंवा बहिणीचा वाटा भाऊ विकत घेऊन पैसे फिरणार असतील, तर काही रक्कम आई-वडिलांच्या नावे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. वय 60 पूर्ण हवं, मर्यादा 30 लाख, मुदत 5 वर्षं, व्याज 8.2 टक्के, दर तिमाहीला खात्यात. 10 लाखांना तिमाहीला 20,500 येतात. आईच्या नावे वेगळं खातं काढा. बहुतेक घरात आईच्या नावे एक पासबुकसुद्धा नसतं.

सरकारी पेन्शनचं खरं चित्र असं. किसान मानधन योजनेत 60 नंतर महिना 3,000 मिळतात, पण प्रवेश 18 ते 40 वयातच आणि 2 हेक्टरपर्यंतच, म्हणजे साधारण 4 एकर 38 गुंठे. वडिलांना तिचा उपयोग नाही. थोरला मुलगा चाळिशीच्या आत असेल तर स्वतःसाठी बघावं. वयाप्रमाणे हप्ता महिना 55 ते 200 आणि तेवढीच भर सरकारची. अटल पेन्शनलाही 40 चीच अट. महिना 5,000 च्या पेन्शनला तिशीत 577 रुपये हप्ता, चाळिशीत 1,454. दहा वर्षांच्या चालढकलीने अडीचपट. संध्या सुरक्षा 65 पुढच्या लहान शेतकऱ्यांना महिना 1,200 देते. उत्पन्नाची अट आहे, अर्ज नाडकचेरीत.

पीएम-किसानचे वर्षाला 6,000 वडिलांना मिळत असतील तर इथेही जपून. योजनेच्या मूळ नियमांत 1 फेब्रुवारी 2019 ची मालकी धरली आहे आणि त्यानंतर फक्त मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन चालते. सगळी जमीन हयातीत मुलाला दिली तर वडिलांचं बंद आणि मुलाला मिळेलच असं नाही. दीड एकर वडिलांकडे राहिली तर हा प्रश्न येत नाही.

पीककर्ज वडील 60 च्या पुढे असल्याने वारसाला सहकर्जदार घेऊनच नूतनीकरण करतात. थोरल्याचं नाव आत्ताच घाला. सोसायटी आणि कारखान्याच्या शेअर सर्टिफिकेटवर वारस नोंद आहे का बघा, बँकेत नॉमिनी बघा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे स्वीकारणारा माणूस. खरी वाटणी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्रानेच होते.

आणि कुणी सुचवेल, मुलाला त्रास नको, खंडाने लावून टाका. कर्नाटकात शेतजमीन कुळाने देण्यावर 1974 पासून बंदी आहे. लेखी करार करू नका आणि उताऱ्याच्या बाराव्या रकान्यात कसणारा म्हणून परक्याचं नाव चढणार नाही याकडे दरवर्षी लक्ष द्या.

---

वेदगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. कागलचे 28 गुंठे याच वाटणीपत्रात घेता येतील का? आणि धाकटा म्हणतो त्याचा वाटा थोरल्यानेच कसावा, तर ते कागदावर आणायचं का?

---

पहाणी_फेरफार

कागलचं वेगळं करा. आधी आजोबांच्या नावावरून वारस नोंद. ती महाराष्ट्राच्या ई-हक्क प्रणालीतून किंवा गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे. त्यात चुलते आणि आत्याही वारस म्हणून येणार, तो तुकडा 1988 च्या वाटणीत नव्हता ना? नसेल तर एकट्या तुमच्या घराचा नाही हे गृहीत धरा. नोंद झाल्यावर वाटणीचा दस्त कागलच्या दुय्यम निबंधकांकडे, मुद्रांक महाराष्ट्राचा. कर्नाटकाचा एफआयडी तिथे चालत नाही, तिकडचा फार्मर आयडी वेगळा काढावा लागतो. वडिलांचं मृत्युपत्र मात्र एकच पुरतं, दोन्ही राज्यांतल्या जमिनी गट आणि सर्व्हे नंबरासह त्यात लिहा.

धाकट्याचे 30 गुंठे त्याच्या नावे होऊ देत आणि भावाने कसावेत. त्याला खंड म्हणू नका, खंडाची पावतीही नको. दरवर्षी बिल आल्यावर खर्च वजा करून त्याच्या वाट्याची रक्कम त्याच्या बँक खात्यात, एवढंच. हिशेबाची एक वही दोघांच्या सहीने ठेवा. पुढे धाकट्याने तो वाटा विकायला काढला तर पहिला हक्क थोरल्याचा, त्या वेळच्या बाजारभावाने, आणि पैसे किती हप्त्यांत, ही अट आत्ताच वाटणीपत्रात घाला.

---

बांधावरून

या हंगामाची तोड कधी संपते ते बघून मोजणीचा अर्ज त्याच्या महिनाभर आधी टाका. चुलत्यांना घेऊनच नाडकचेरीत जा, दोन्ही घरांची पोडी एकाच अर्जात होईल आणि भूमापकाच्या फेऱ्याही वाचतील.